परवाचा स्पर्श, आजची खाज

इसबाबद्दल वाचकांच्या पत्रांत तीन वाक्ये पुन्हा पुन्हा भेटतात. पहिले : ‘गेली वीस वर्षे केसांना हाच रंग लावते आहे, मग तो आताच कसा बाधेल?’ दुसरे : ‘वांगे, दही, शेंगदाणे, आंबट, सगळे बंद केले, तरी हाताची खाज हटत नाही.’ तिसरे : ‘रक्ताची महागडी ॲलर्जी टेस्ट केली, तिच्यात दहा गोष्टी निघाल्या. आता खायचे तरी काय?’

लिहिणारी माणसे वेगवेगळी असली तरी गफलत एकच आहे. अंगावर पित्त उठते त्याचे नियम आपण इसबाला लावतो. पित्त काही मिनिटांत उठते, म्हणून आपण तासाभरापूर्वी काय खाल्ले ते आठवतो. स्पर्शाच्या ॲलर्जीने होणारे इसब एक ते तीन दिवसांनी उमटते. त्याचे कारण शोधायचे तर परवा त्या जागी काय लागले होते, हे आठवावे लागते. हा लेख त्या शोधासाठी आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ॲलर्जिक कॉन्टॅक्ट डर्माटायटिस’ असे लिहिलेले असेल, किंवा तशी शंका व्यक्त केली असेल, तर तो तुमच्यासाठीच आहे.

आधी ओळख पटवा

खाजते ते सगळे इसब नसते, आणि सगळी इसबे ॲलर्जीची नसतात. दवाखान्यात जाण्यापूर्वी स्वतःशी एवढे ताडून पाहा :

- पित्त (गांधी उठणे) : फुगीर गांधी येतात, जागा बदलतात, आणि एकेक गांध बहुधा २४ तासांच्या आत मागे खूण न ठेवता मावळते. तिथे खपली धरत नाही, लसही वाहत नाही.
- नायटा किंवा गजकर्ण : हा बुरशीचा संसर्ग आहे. चट्ट्याची कड उठावदार आणि मध्य निवळलेला असतो. जांघ, कंबर, काख इथे जास्त. घरात आणखी कुणाला असेल तर शंका पक्की होते.
- लहानपणापासूनचे इसब (ॲटॉपिक) : कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत असते, त्वचा मुळातच कोरडी असते, घरात कुणाला दमा किंवा सततची सर्दी असते.
- साबण-सोड्याने झालेले इसब : यात ॲलर्जी नसते. दिवसातून अनेकदा भांडी घासणाऱ्या, कपडे धुणाऱ्या कुणाच्याही हाताला ते होऊ शकते. खाजेपेक्षा आग आणि भेगा जास्त.
- स्पर्शाच्या ॲलर्जीचे इसब : जबरदस्त खाज, बारीक पाणीदार फोड, लस, मग खपली. जुने झाले की कातडे जाड आणि काळपट होते. पुष्कळदा चट्ट्याचा आकारच कारण सांगतो : कपाळावर टिकलीएवढा गोल, बेंबीखाली बकलाएवढा चौकोन, पायावर चपलेच्या पट्ट्यांची नक्षी.

एकाच माणसाला यांतली दोन इसबे एकदम असू शकतात. साबणाने फाटलेल्या हातांतून ॲलर्जीकारक पदार्थ सहज आत शिरतो, त्यामुळे धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या हातांवर हे दोन्ही एकत्र दिसणे नेहमीचे आहे.

त्वचेत काय घडते, निर्णयापुरते

निकेल, रंगातले रसायन, झाडाचा चीक यांचे कण इतके लहान असतात की ते त्वचेच्या वरच्या थरातून झिरपतात. आत गेल्यावर ते आपल्याच प्रथिनांना चिकटतात. या बदललेल्या प्रथिनांना तिथल्या पहारेकरी पेशी परके समजतात, उचलतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन टी-पेशींना दाखवतात. टी-पेशींची एक तुकडी त्या एका पदार्थाविरुद्ध तयार होते. या तयारीला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात आणि त्या काळात तुम्हाला काहीही जाणवत नाही.

मग तोच पदार्थ पुन्हा लागला की ही तुकडी त्वचेत जमते, सूज आणणारी रसायने सोडते, आणि एक ते तीन दिवसांत इसब फुलते. स्मृतिपेशी रक्तात फिरत राहतात, काही तर जुन्या चट्ट्याच्या जागीच मुक्काम करतात. जुनी जागा सगळ्यांत आधी पेटते ती यामुळे.

तुमच्या निर्णयांसाठी यातून चार गोष्टी निघतात.

1. ‘वीस वर्षे वापरतो’ हा पुरावा नाही. तयारी कधीही होऊ शकते, एकविसाव्या वर्षीही. उलट, जी वस्तू किंवा तिच्याशी मिळतीजुळती रसायने असलेली दुसरी वस्तू कधी लागलीच नाही, तिची अशी ॲलर्जी होत नाही. त्यामुळे संशयितांच्या यादीत रोजच्या वस्तू वर ठेवा.
2. ‘थोडेसेच लावते’ हा उपाय नाही. तुकडी तयार झाल्यावर अगदी कमी मात्राही पुरते.
3. रक्ताची टेस्ट इथे बहुधा निरुपयोगी आहे. ती आयजीई नावाची प्रतिपिंडे मोजते. पित्त, दमा, काही अन्नांची तत्काळ ॲलर्जी यांत ती प्रतिपिंडे काम करतात. स्पर्शाच्या इसबात काम टी-पेशींचे असते. त्या अहवालावरून मुलांचे दूध-अंडे किंवा घरातले शेंगदाणे बंद करणे हे नाहक उपाशी राहणे आहे, आणि ते माझ्या जिवाला फार लागते, कारण अशी पथ्ये बहुधा घरातल्या बाईच्या आणि वाढत्या मुलाच्या ताटावरच येतात.
4. स्मृती वर्षानुवर्षे टिकते. मलमाने सूज उतरते, आठवण पुसली जात नाही. म्हणून खरा उपचार म्हणजे कारण ओळखून ते टाळणे.

कारण कुठे शोधायचे

कपाळ. चिकटवायच्या टिकलीच्या मागच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफेनॉल या रसायनापासून केलेली राळ असते. तिने खाज येते, आणि काही जणींच्या कपाळावर पांढरा डाग राहतो. तो रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी त्या रसायनाने मेल्यामुळे पडतो. डाग दिसताच टिकली बंद करा. ‘रोज जागा बदलून लावते’ म्हटल्याने डागांची संख्या वाढेल. कुंकवाकडे वळायचे तर बाजारातल्या अनेक कुंकवांत हळद-चुन्याऐवजी कृत्रिम रंग असतात आणि त्यांचीही ॲलर्जी होते. साधे मेण लावून त्यावर खात्रीचे पिंजर लावण्याची जुनी रीत काही जणींना मानवते, पण आधी ते आठवडाभर कोपराच्या लवणीत लावून पाहा.

कानाच्या पाळ्या, गळा, मनगट, बेंबीखालचा भाग. इथे निकेलचा संशय घ्या : नकली दागिने, घड्याळाचे बकल, जीन्सचे बटण, अंतर्वस्त्राचे हुक. सोन्याच्या मुलाम्याखाली अनेकदा निकेलचाच थर असतो. घामाने मुलामा झिजला की तो उघडा पडतो. म्हणून ‘घेतला तेव्हा काही झाले नाही, आता वर्षाने खाजतो’ अशी तक्रार येते. युरोपीय समुदायाने १९९४ सालीच दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली. निकेल तपासण्याचे डायमिथाइलग्लायॉक्सिमचे द्रावण मिळते. कापसाने ते दागिन्यावर घासले आणि कापूस गुलाबी झाला, तर त्यातून निकेल सुटते. मंगळसूत्र रोजचे असेल तर मणी दोऱ्यात ओवून घेणे आणि वाट्या खात्रीच्या सोन्याच्या ठेवणे हा सोपा मार्ग आहे. बटणाच्या मागे कापडाची पट्टी शिवून घ्या.

पापण्या, कान, मान, केसांची कड. केसांच्या रंगातल्या पॅराफिनिलिनडायअमिनची, म्हणजे पीपीडीची, ही आवडती ठिकाणे. टाळूची त्वचा जाड असते, ती पुष्कळदा शांत राहते आणि पापण्या सुजून डोळे मिटतात. ‘हर्बल’, ‘अमोनिया नाही’ या शब्दांवर विसंबू नका. अमोनिया नसणे म्हणजे पीपीडी नसणे नव्हे. अर्ध्या तासात काळी होणारी कोणतीही ‘मेंदी’ संशयास्पद समजा. मेंदीच्या पानांचा स्वतःचा रंग तांबूस-केशरी असतो आणि तो चढायला तास जातात. जत्रेत किंवा लग्नात हातावर काढतात त्या काळ्या मेंदीत पीपीडी बरेच जास्त असू शकते, आणि तिथे पंधरा मिनिटांच्या नक्षीने आयुष्यभराची ॲलर्जी जडते. मुलांच्या हातावर ती अजिबात काढू देऊ नका. केस काळे करायचेच असतील तर नुसती मेंदी आणि त्यानंतर निळीच्या पानांची पूड हा पर्याय आहे, मात्र दोन्हींत काही मिसळलेले नसावे.

फक्त पापण्याच खाजत असतील तर नखांकडे पाहा. नेलपॉलिशची ॲलर्जी नखांशी न दिसता, बोट लागते त्या पापण्यांवर आणि मानेवर दिसते.

पावले. रबरी चपलेत रबर घट्ट करण्याची रसायने असतात, कातडी बुटात कातडे कमावायला वापरलेले क्रोमियम. अस्सल कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावतात, त्यामुळे क्रोमियमची ॲलर्जी असलेल्यांना ती चालू शकते. दुकानदाराला तसे स्पष्ट विचारून घ्या.

हात. गवंडी, बिगारी, फरशी बसवणारे यांच्या हातांना सिमेंटमधले क्रोमेट बाधते. हातमोजा निवडताना इथे मोठी चूक होते : चामडी मोज्यात पुन्हा क्रोमियम आणि रबरी मोज्यात पुन्हा रबराची रसायने. आतून सुती आणि बाहेरून पीव्हीसी असा मोजा बहुतेकांना चालतो. ओला मोजा तसाच घालू नका. आत शिरलेले सिमेंटचे पाणी उघड्या हातापेक्षा जास्त त्रास देते.

लावलेले औषधच. जखम बरी होत नाही, भोवतालची त्वचा उलट लाल होत चालली आहे, अशा वेळी मलमावर संशय घ्या. नीओमायसिन, फ्रामायसेटिन, नायट्रोफ्युराझोन ही जंतुनाशके या बाबतीत ओळखीची आहेत. हा दोष सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, कारण बिघडले की आपण तेच मलम आणखी जाड थापतो.

बिब्बा, काजू, आंबा : एकच घराणे

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांसाठी हा भाग थोडा सविस्तर लिहितो. बिब्बा, काजू आणि आंबा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातले आहेत. बिब्ब्याचे तेल, काजूच्या टरफलातले तेल आणि आंब्याचा चीक यांत एकमेकांशी मिळतीजुळती रसायने असतात. टी-पेशी अशा नातलगांत फरक करीत नाहीत. लहानपणी पायाच्या भेगेवर किंवा दुखऱ्या सांध्यावर बिब्बा घातला आणि तो उतला, तर पुढे आंब्याच्या सालीला लागलेल्या चिकाने ओठांभोवती फोड येऊ शकतात. परिटाने कपड्यावर बिब्ब्याने घातलेल्या खुणेखाली मानेवर उठणारे चट्टे याच जातीचे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांना या खुणांनी हैराण केले होते.

व्यवहारात काय करायचे :

- आंब्याचा देठ काढून चीक वाहू द्या, आंबा पाण्यात ठेवा, नीट धुवा. सालीसकट चोखण्याऐवजी दुसऱ्याकडून सोलून फोडी करून घ्या. बहुतेकांना नुसता गर बाधत नाही. सगळा आंबाच सोडण्याची गरज क्वचित पडते.
- ओले काजूगर सोलताना हाताला राख किंवा तेल चोळायची रीत आहे, तिने थोडा आडोसा मिळतो. पण काजूच्या टरफलाचे तेल ॲलर्जी नसलेल्यालाही भाजते, म्हणून मोजे घालणेच योग्य. भाजलेल्या, स्वच्छ काजूगराचा त्रास सहसा होत नाही.
- बिब्बा अंगावर लावू नका, लहान मुलाला तर नाहीच. बिब्बा उतल्यावर डॉक्टरांनी पोटातून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर दिलेले दिवस पूर्ण करा. चार दिवसांत बरे वाटले म्हणून सोडल्यास तो पुन्हा उसळतो.

गाजर गवत

काँग्रेस गवत, चटकचांदणी या नावांनीही ओळखले जाणारे हे तण भारतात पहिल्यांदा लक्षात आले ते पुण्यात, १९५० च्या दशकाच्या मध्याला. त्याने होणाऱ्या त्वचारोगाची वैद्यकीय नोंदही १९७० च्या दशकात पुण्यातूनच झाली. याची तऱ्हा वेगळी आहे. झाडाला हात लावावाच लागतो असे नाही. वाळलेल्या झाडाची धूळ हवेतून येऊन चेहरा, पापण्या, मानेच्या वळ्या, कोपराची लवण इथे बसते. सुरुवातीला त्रास पावसाळ्याच्या सुमारास होतो, पुढे बारमाही. उन्हाळी पुरळ म्हणून वर्षानुवर्षे चुकीचे उपचार होतात.

शेतकरी, माळी, रस्त्याकडेला काम करणारे यांनी हे गवत उपटायचे तर फुलोऱ्यापूर्वी, पावसाने जमीन ओली असताना, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मोजे घालून. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी हे काम करूच नये. कामावरचे कपडे घरात झटकू नका, वेगळे धुवा. शेवंतीही याच कुळातली असल्याने काहींना तिचाही त्रास होतो. दसऱ्याच्या हारांनंतर दोन दिवसांनी चेहरा पेटत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. त्रास तीव्र आणि सततचा असेल तर पोटातून घ्यायची प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे लागतात. ती रक्ततपासणीच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

पॅच टेस्ट कशी करून घ्यावी

योसेफ यादासोन या त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ मध्ये मांडलेली ही चाचणी आजही या रोगाच्या निदानाचा कणा आहे. संशयित पदार्थ ठरावीक मात्रेत छोट्या वाट्यांत भरून पाठीवर चिकटवतात, सुई टोचत नाहीत. भारतीय रुग्णांसाठी ठरवलेल्या संचात साधारण वीस पदार्थ असतात, त्यांत गाजर गवतही आहे. जिल्ह्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात आधी चौकशी करा.

- वार ठरवा. सोमवारी पट्ट्या लावल्या तर बुधवारी काढतात आणि पहिले वाचन होते, दुसरे वाचन गुरुवारी किंवा शुक्रवारी. दुसरे वाचन टाळू नका. उशिरा उमटणारी ॲलर्जी त्यातच सापडते. धातू आणि काही औषधांसाठी आठवड्याने पुन्हा पाहावे लागते. फक्त एकदाच बोलावत असतील तर का, हे विचारा.
- ऋतू पाहा. पाठ भिजवायची नसते, घाम येऊ द्यायचा नसतो. आपल्याकडे हिवाळा उत्तम. एप्रिल-मेमध्ये पट्ट्या सुटतात.
- औषधे सांगा. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि पाठीवर लावलेले स्टेरॉइड मलम यांनी निकाल दडपला जातो. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, तारीख डॉक्टरांनाच ठरवू द्या. खाजेच्या साध्या गोळ्यांनी फारसा फरक पडत नाही.
- इसब भडकलेले असताना थांबा. तेव्हा पाठ कशालाही लाल होते. गरोदरपणातही ही चाचणी सहसा पुढे ढकलतात.
- आपल्या वस्तू घेऊन जा. टिकलीचे पाकीट, क्रीम, चपलेचा तुकडा, औषधांच्या ट्यूब, वेष्टनांसह. फिनेल, ॲसिड, कपड्यांचा साबण तसेच्या तसे त्वचेवर लावून घेऊ नका.

अहवाल मिळाल्यावर एक प्रश्न हमखास विचारा : ‘हे आले खरे, पण माझ्या आताच्या इसबाशी याचा संबंध आहे का?’ निकेल पॉझिटिव्ह आले आणि इसब फक्त तळपायाला असेल, तर ते जुन्या कानातल्यांची आठवण असू शकते, आजचे कारण नव्हे.

चाचणीची सोय जवळ नसेल तर अंगावर राहणारी क्रीमे घरी पारखता येतात : कोपराच्या लवणीत रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावा. खाजले की थांबा. केसांच्या रंगाला ही रीत लावू नका. एकदा रंगाचा जोरदार त्रास झाला असेल तर घरी ‘थोडासा लावून पाहणे’ही धोक्याचे आहे.

तोपर्यंत घरची काळजी

लस वाहत असेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट छोटा चमचा मीठ घाला, स्वच्छ सुती कापडाच्या घड्या भिजवून दहा-पंधरा मिनिटे ठेवा, दिवसातून दोन-तीनदा. लस थांबली की ओलावा टिकवणे महत्त्वाचे. अंघोळीचे पाणी कोमट, साबण सौम्य आणि गरजेपुरता. अंग टिपून ओलसर असतानाच साधे पेट्रोलियम जेली किंवा वास नसलेले मॉइश्चरायझर भरपूर लावा. महाग असण्याची गरज नाही, सुवासिक तर मुळीच नको. लिंबाचा रस, ठेचलेला लसूण, जंतुनाशक द्रावणे फुटलेल्या त्वचेवर लावू नका. कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ करून बरे वाटत असेल तर हरकत नाही, पण पाला चोळू नका.

लगेच दवाखाना गाठायची लक्षणे : डोळे मिटतील इतकी सूज, श्वासाला त्रास, ताप, मधाच्या रंगाची खपली किंवा पू, एकसारखे खोलगट दुखरे फोड, सगळे अंग लाल होणे.

ट्यूबचा सापळा

स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक एकत्र असलेल्या ट्यूब आपल्याकडे शेजाऱ्याच्या सल्ल्याने आणल्या जातात. त्यांतले तीव्र स्टेरॉइड दोन दिवसांत खाज थांबवते, म्हणून सगळ्यांचा विश्वास बसतो. नायटा असेल तर तो त्याखाली पसरतो. इसब असेल तर कारण तसेच राहते, चेहऱ्याची त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि ट्यूब सोडली की आग होते.

तरीही स्टेरॉइडला घाबरून ते नाकारू नका. योग्य तीव्रतेचे, योग्य जागी, मोजक्या दिवसांसाठी वापरलेले स्टेरॉइड मलम हे या रोगातले सगळ्यांत उपयोगी औषध आहे. डॉक्टरांकडून चार गोष्टी लिहून घ्या : नाव, जागा, दिवसातून किती वेळा, किती दिवस. मापासाठी, तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. चेहरा, पापण्या, जांघ इथे तीव्र मलम नको. तिथे टॅक्रोलिमससारखे स्टेरॉइड नसलेले मलम चालेल का ते विचारा.

तुमचे हक्क

- २०१८ पासून बहुतेक स्टेरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये आहेत, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानदाराने आपणहून अशी ट्यूब पुढे केली तर नकार द्या. औषध घ्याल तेव्हा बिल मागा.
- पीपीडी असलेल्या केसांच्या रंगाच्या पाकिटावर धोक्याची सूचना, आणि आत आधी चाचणी करण्याची रीत, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत देणे बंधनकारक आहे. ती रीत २४ तास थांबायला सांगते. वर पाहिल्याप्रमाणे ही ॲलर्जी तीन दिवसांनीही उमटते, म्हणून तुम्ही ७२ तास थांबा.
- तुमचे वैद्यकीय कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळणे हा तुमचा हक्क आहे. पॅच टेस्टचा अहवाल पदार्थांच्या नावांसह लेखी घ्या.
- औषधाने त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर स्वतः कळवता येते. सदोष वस्तूबद्दल ग्राहक हेल्पलाइन १९१५. भेसळीचा संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा, वस्तू आणि वेष्टन जपून ठेवा.
- कामामुळे झालेले इसब हा व्यावसायिक आजार आहे. रसायने आणि रंगांच्या संपर्काने होणारा त्वचारोग कायद्याने कळवण्यायोग्य रोगांच्या यादीत आहे. डॉक्टरांना तुमचे काम नेमके सांगा आणि चिठ्ठीवर ‘कामाशी संबंधित’ असे लिहून घ्या. ती ओळ नसेल तर विमा योजनेतला किंवा भरपाईचा दावा लंगडा पडतो. बांधकाम कामगारांनी वर्षात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी.

नोकरी सोडण्याचा निर्णय मात्र घाईने घेऊ नका. सिमेंटऐवजी सुतारकाम, रंग कालवण्याऐवजी पॅकिंग, असा कामाचा बदल मालकाकडे आधी लेखी मागा.

कारण सापडल्यावर

पदार्थाचे नाव आणि त्याची दुसरी नावे एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पार्लरमध्ये, दातांच्या दवाखान्यात, शस्त्रक्रियेपूर्वी ती दाखवा. पीपीडीची ॲलर्जी असणाऱ्या काहींना बधिर करणाऱ्या बेन्झोकेनचाही त्रास होतो. निकेल किंवा रबराची ॲलर्जी शस्त्रक्रिया करणाऱ्यांना आधी कळलेली बरी.

वस्तू बंद केल्याच्या चौथ्या दिवशी खाज थांबली नाही म्हणून निदान चुकले असे समजू नका. त्वचेत जमलेल्या पेशी पांगायला आणि फाटलेला थर भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. सिमेंटच्या इसबाला त्याहून जास्त. या काळात रोज दोन ओळींची वही ठेवा : आज खाज किती, आणि परवा हाताला, चेहऱ्याला, पायाला नवे काय लागले होते. पुढच्या भेटीला ती वही सोबत न्या.